बार्नकलचा आडोसा

माझी संशोधनं सध्या किती चालू आहेत, असं कुणी विचारलं की मी आधी कोण विचारतंय ते बघतो. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फॉर्मातला आकडा वेगळा, घरी सांगायचा वेगळा. सड्यावरच्या (म्हणजे खडकाळ पठारावरच्या) गवतांचा एक प्रकल्प आहे; त्याचे पैसे ३१ मार्चच्या आत संपवायचेत. (प्राध्यापकाला पैसे संपवणं जड जातं, हे नातेवाइकांना अजिबात पटत नाही.) एका संपादित पुस्तकातलं प्रकरण 'जवळजवळ झालंय', म्हणजे शीर्षक झालंय. एक पेपर दुसऱ्या रिव्ह्यूअरने 'मेजर रिव्हिजन' म्हणून परत धाडलाय. आणि पीएचडीच्या विद्यार्थिनीचा तिसरा चॅप्टर माझ्या टेबलावर असतो, पंखा लावला की फडफडतो.

लोकांना वाटतं माझं लक्ष लागत नाही. लागतं की! फक्त ज्या कामाची आज मुदत नाही, त्यात लागतं. हिशेब द्यायचा असेल त्या दिवशी मी मायक्रोस्कोपखाली गवताच्या तुसांवरचे केस बघत असा रमतो की जेवणाचं भान राहत नाही. गवतांचा अहवाल द्यायचा असला की रिव्ह्यूअरची शंका एकदम रास्त वाटू लागते.

उपाय केले. पोमोदोरो पद्धत आणली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून एका इटालियन विद्यार्थ्याने ती शोधली; २५ मिनिटं एकच काम, मग विश्रांती. त्याच्या कॉलेजात शिपाई नसावा. आमच्याकडे दहाव्या मिनिटाला रजिस्टर येतं, "सर, सही. आणि प्राचार्यांनी गेल्या पाच वर्षांची माहिती मागितलीय. लगेच."

मग मला डार्विन सापडला. उत्क्रांतीचा सिद्धांत त्याने १८४४ मध्येच निबंधात मांडून ठेवला होता. तो छापायचा सोडून १८४६ पासून हा गृहस्थ आठ वर्षं बार्नकल चिरत बसला, खडकाला नि बोटीच्या बुडाला चिकटतात ते समुद्री जीव. म्हणतात, त्याच्या एका मुलाने शेजारच्या गृहस्थांबद्दल विचारलं होतं, "ते त्यांचे बार्नकल कुठे करतात?" घरोघरी वडील हेच करतात, असा त्याचा समज! शेवटी १८५८ मध्ये वॉलेस नावाच्या दुसऱ्या निसर्गअभ्यासकाचं पत्र आलं, त्यात तोच सिद्धांत. मग मात्र दीड वर्षाच्या आत पुस्तक बाहेर. म्हणजे डार्विनलासुद्धा मुदत लागली. मी महिनाभर हे भेटेल त्याला ऐकवत होतो.

विद्यार्थिनीलाही ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "पण सर, त्यांचे बार्नकलचे चार खंड छापून आले ना? पदकपण मिळालं."

हल्लीची मुलं फार वाचतात.

त्या रात्री मी तिचा अख्खा चॅप्टर वाचून काढला, तळटीपांसकट, लाल पेनाने. ती भारावून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला प्रकल्पाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे गेले त्याचा हिशेब, द्यायचं होतं, हे तिला सांगायचं काही कारण नव्हतं.