आकाश दिल्लीचं, पण हेलिपॅड आपलं

2 ऑक्टोबर 2024 च्या सकाळी पुण्यात बावधनजवळ हेलिकॉप्टर कोसळलं. दोन वैमानिक आणि एक अभियंता, तिघेही गेले. जवळच्याच एका गोल्फ कोर्सच्या हेलिपॅडवरून ते नुकतंच उडालं होतं. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वस्तीवरून होणाऱ्या खासगी उड्डाणांचा वाद अधूनमधून पेटतो, आणि पेटला की आमचे काका मला साक्षीला ओढतात. “तुमच्या न्यूयॉर्कमध्ये दिवसभर हेलिकॉप्टरं फिरतात. तिथे कोणी अडवतं का?”

अडवतात, काका. निदान जीव तोडून प्रयत्न तरी करतात.

मी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहते, हडसन नदीच्या अलीकडे. पलीकडे मॅनहॅटन. हवा स्वच्छ असली की पर्यटकांची हेलिकॉप्टरं एकामागून एक येतात. त्यांचा आवाज नुसता मोठा नसतो, तो खोल असतो. पात्यांची ती धडधड बंद काचांतून आत शिरते आणि छातीत जाणवते. दिवसभराची सरासरी काढली तर आकडा सौम्य दिसतो, पण झोपलेलं बाळ सरासरीने दचकत नाही. साध्या विमानाला दाट वस्तीवर, आजूबाजूच्या सर्वांत उंच अडथळ्याहून 1,000 फूट वर राहावं लागतं. हेलिकॉप्टरला त्या अटीतून सूट आहे, धोका होणार नाही एवढं पाहिलं की झालं.

धोका तर झालाच आहे. 1977 साली मॅनहॅटनमधल्या पॅन अ‍ॅम इमारतीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला आणि ते कलंडलं. गच्चीवरचे चार प्रवासी गेले. शिवाय पात्याचा तुकडा खाली पडून रस्त्याने चाललेली एक बाई गेली. तिचा त्या उड्डाणाशी काय संबंध होता? ते हेलिपॅड पुन्हा कधी उघडलं नाही. एप्रिल 2025 मध्ये इथेच, आमच्या बाजूच्या पाण्यात, हवेतच तुटलेलं हेलिकॉप्टर पडलं. एक अख्खं कुटुंब गेलं, तीन लहान मुलांसह, आणि वैमानिकही.

मग हे थांबत का नाही? कारण इथलं आकाश केंद्राच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या ताब्यात आहे, गावाच्या नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट हॅम्प्टन या गावाने स्वतःच्या मालकीच्या विमानतळावर रात्रीच्या उड्डाणांना बंदी घातली, तर 2016 मध्ये वरच्या न्यायालयाने ती उडवली. विमानतळावर आवाजासाठी निर्बंध कसे घालायचे हे ठरवणाऱ्या 1990 च्या केंद्रीय कायद्याची प्रक्रिया पाळली नाही, एवढं कारण पुरलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने वेगळी वाट धरली. हेलिपॅडची जागा शहराची, म्हणून ते चालवणाऱ्यांशी करार करून पर्यटकांच्या फेऱ्या वर्षाला सुमारे 60,000 वरून 30,000 वर आणल्या आणि रविवार बंद ठेवला. तेही अपुरंच पडलं, कारण न्यू जर्सीतून उडणाऱ्यांना तो करार लागू नव्हता. 2018 मध्ये ईस्ट नदीत बुडालेलं, पाच प्रवाशांचा जीव घेणारं हेलिकॉप्टर आमच्याच बाजूच्या कर्नीहून निघालं होतं.

म्हणून परदेशाचा दाखला द्यायचाच असेल तर तो पूर्ण द्या. आपल्याकडेही आकाश दिल्लीच्या डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. पण इमारतीवरचं हेलिपॅड आराखड्यात येतं आणि आराखडा महापालिकेकडे येतो. सभेसाठी मैदानात केलेल्या तात्पुरत्या हेलिपॅडलाही जिल्हा प्रशासन लागतं. मे 2017 मध्ये निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर तारांत अडकून वस्तीत पडलं. सगळे वाचले, हे नशीब. तारा, घरं, माणसं इतकी जवळ असताना जागा कोणी आणि काय पाहून पसंत केली, हा प्रश्न तेव्हा लावून धरायला हवा होता. मुंबईत अँटिलियाच्या गच्चीवरच्या हेलिपॅडची चर्चा झाली, दक्षिण मुंबईतल्या अशा गच्च्यांना नौदलानेही विरोध केला, आणि मग विषय थंडावला. मला हे थंडावणं खटकतं. निवासी भागासाठी आपला नियम दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलचा आहे. लाउडस्पीकरसाठी आपण तो बजावतो, डोक्यावरच्या पात्यांपुढे मात्र गप्प बसतो.

रुग्ण नेणारं किंवा पुरात अडकलेल्यांना उचलणारं हेलिकॉप्टर यात धरू नका. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीवर ती घरघर ऐकून लोकांना धीरच आला असेल. मी बोलते आहे ते वेळ वाचवायला आणि हौसेला उडणाऱ्यांबद्दल.

ग्रुपवर परवा काकांनी विचारलं, मग करायचं काय. मी लिहिलं: हेलिपॅडला परवानगी देतानाच दिवसाच्या फेऱ्या, उड्डाणाच्या वेळा आणि मार्ग कागदावर लिहून घ्या, आणि त्याआधी खालच्या सोसायट्या आणि झोपडपट्ट्या दोघांचीही सुनावणी घ्या. जुहूचा विमानतळ तर समुद्राला लागून आहे. तिथून निघालेल्या खासगी उड्डाणाला शक्य तिथे पाण्यावरूनच न्यायला काय हरकत आहे, हे नगरसेवकाला आणि खासदाराला लेखी विचारा. धंदा एकदा वाढला की अटी घालणं किती अवघड जातं, ते आम्ही इथे रोज डोक्यावर ऐकतो.