दळणं शेतीच्या आधीपासूनचं

‘आधी शेती आली, मग माणसाने दळायचा दगड शोधला’ असा मजकूर गोल जात्याच्या फोटोसह फिरतो आहे. क्रम उलटा आहे. इस्रायलमधल्या गालील सरोवराकाठच्या ओहालो-२ या वस्तीत सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचा बसाल्टचा सपाट दगड सापडला. त्यावर जंगली जवाचे स्टार्चकण चिकटलेले होते. इटलीत बिलांचिनोला तर ३०,००० वर्षांपूर्वीच्या दगडांवर पाणकणीस या पाणथळ जागी उगवणाऱ्या गवतासारख्या वनस्पतीचा स्टार्च मिळाला. त्या काळी नांगर कुठला!

फोटोही चुकीचाच. खुंटा धरून फिरवायचं जातं फार उशिराचं, लोहयुगातलं. आधीचे दगड पाट्यासारखे, गुडघे टेकून पुढे-मागे रगडायचे. शिवाय घासलेला प्रत्येक दगड पिठाचाच असतो असंही नाही, काहींवर गेरू वाटलेला आढळतो.