सहा बायका आणि एक हिरवं टेबल

आज दादा-वहिनींना (आत्येभाऊ आणि त्याची बायको, पुण्याहून आलेत) हॅम्प्टन कोर्ट, म्हणजे लंडनजवळचा आठव्या हेन्री राजाचा राजवाडा, दाखवायला नेलं. येताना ट्रेनमध्ये गप्प बसले. घरी येऊन कुकर लावला, भांडी घासली, तरी राग जाईना, म्हणून इथे लिहितेय.

चार तास आठव्या हेन्रीच्या सहा बायका. कुणाला सोडलं, कुणाचं मुंडकं उडवलं, कुणाचं भूत कुठल्या गॅलरीत फिरतं. ठीक आहे, मीही हसले. पण मी हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याचं नाव काढलं तर दादा म्हणतो, "अगं, तो शेवटी कारकूनच ना!"

कारकूनच!

बाबा इथे आले होते तेव्हाची गोष्ट. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस. ग्रेट हॉलमध्ये सगळे माना वर करून छत बघतायत आणि बाबा मला हळूच विचारतात, "एवढ्या लोकांच्या जेवणाचा जमाखर्च कोण ठेवायचं?" मग त्यांना मुदपाकखान्याकडे नेलं. तिथे ग्रीन क्लॉथची कचेरी होती. टेबलावर हिरवं कापड, त्यावर राजाच्या घरखर्चाची तपासणी, म्हणून हे नाव. बाबा तिथे जेवढा वेळ रेंगाळले तेवढा वेळ बागेतही नाही.

त्यांचा तो प्रश्न मला कुठल्याही राणीपेक्षा मोठा वाटतो. राज्य चालवायचं कोण? हेन्रीचा बाप, सातवा हेन्री, हिशेबाच्या वहीत पानापानावर स्वतः सही करायचा. पैसा जुन्या एक्स्चेकरला (सरकारी खजिन्याच्या कचेरीला) वळसा घालून थेट त्याच्या महालातल्या खजिनदाराकडे. म्हणजे राजाचं घर हेच सरकार. आणि पोराला लिहायचाच कंटाळा! त्याच्या काळात वजन कुणाला, तर जो त्याच्या शौचाच्या वेळी हजर असतो त्याला. खरंच सांगतेय, 'ग्रूम ऑफ द स्टूल' हे मानाचं पद होतं. वहिनी "शी!" म्हणाल्या. शी कसली? राजाच्या कानाशी लागायला याहून चांगली वेळ कुठली!

आणि ह्यात पटनीच्या एका लोहाराचा पोरगा येतो, तोच क्रॉमवेल. १५३४ मध्ये राजाचा सेक्रेटरी होतो. १५३६ ला राजाने ताब्यात घेतलेल्या ख्रिस्ती मठांच्या जमिनींच्या उत्पन्नासाठी वेगळी कचेरी, ऑगमेंटेशन्स, तिचे स्वतःचे अधिकारी, स्वतःचा शिक्का. १५३८ ला हुकूम, की प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) बाप्तिस्मा, लग्न, दफन वहीत नोंदवायचं. हे ऐकून बाबा म्हणाले होते, "म्हणजे जन्म-मृत्यू रजिस्टर. माणूस कामाचा होता."

हो, मठ धुऊन नेले त्याने, माणसंही मारली, संत नव्हता. आणि आता कुणीतरी कमेंटमध्ये येईल की क्रॉमवेलने राज्यकारभारात 'क्रांती' केली हे इतिहासकार एल्टनचं म्हणणं पुढच्या इतिहासकारांनी कधीच खोडून काढलं, ऑगमेंटेशन्ससुद्धा १५५४ ला एक्स्चेकरमध्ये विलीन झालं. बरं बाबा, मान्य. पण २८ जुलै १५४० ला क्रॉमवेलचं डोकं उडवलं (त्याच दिवशी राजाने पाचवं लग्न केलं, घ्या!), आणि तेराव्या दिवशी, १० ऑगस्टला, प्रिव्ही कौन्सिलला (राजाच्या सल्लागार मंडळाला) स्वतःचा क्लार्क आणि स्वतःचं रजिस्टर मिळालं. माणूस गेला, वही सुरू झाली.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. बाबांचंच आठवत बसलेय.

शेवटी शेवटी हेन्रीच्या सहीचा ठसाच केला होता. कागदावर कोरडा दाबायचा, मग उमटलेल्या रेघा शाईने भरायच्या. तो ठसा राजाच्या खोलीतल्या माणसांच्या हातात. दर महिन्याला कशाकशावर मारला त्याची यादी राजापुढे जायची. मृत्युपत्रावर तारीख ३० डिसेंबर १५४६, सही ठशाची, आणि त्याची नोंद जानेवारीच्या यादीत, तीही अगदी शेवटाकडे! राजा २८ जानेवारीला गेला. ठसा मागाहून मारला की काय, हा संशय आजही फिटलेला नाही.

हे ऐकून बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यादी होती म्हणून निदान संशय तरी घेता येतो." त्यांच्याकडेही एकदा साहेबांनी मागची तारीख टाकून गोल शिक्का मारायला कागद दिला होता. बाबांनी आवक-जावक रजिस्टर उघडून पुढे ठेवलं, आजची तारीख दाखवली. बाकी एक शब्द नाही. सहा महिन्यांत बदली झाली. मी तेव्हा सातवीत होते, शाळा बदलावी लागली म्हणून त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

दादा, तू हे वाचशीलच. उद्या टॉवर ऑफ लंडनला जायचंय. बाहेर टॉवर हिलवर, जिथे क्रॉमवेलला मारलं, तिथे आधी थांबू, मग तुझे ते मुकुट बघ. आणि तिथे पोचल्यावर 'कारकूनच' म्हणालास तर डबा मिळणार नाही.