फोनवर हवामान दिसते, म्हणून पर्जन्यमापक मोडीत काढायचा?

शाळेच्या भूगोलातून सागरी लाटांचे कार्य, चक्रीवादळे आणि हवामानाची उपकरणे वगळा, असे सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातो आहे. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: हवामान फोनच सांगतो, वादळ उपग्रहाला दिसतेच, लोकांना वादळाची श्रेणी कळली की पुरे, किनारा खचला तर भिंत बांधावी, आणि हा सगळा भाग नुसता घोकंपट्टीचा आहे. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. आधीचे चार साफ चुकीचे आहेत, आणि त्यातला श्रेणीचा मुद्दा तर जिवावर बेतणारा आहे.

पहिला मुद्दा फोनचा. बहुतेक फोनमध्ये बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा तापमापक नसतोच. पडद्यावर दिसणारा आकडा दूरच्या संगणकावर तयार होतो. पृथ्वीवर काही किलोमीटरच्या चौकटी आखून त्या प्रत्येकीसाठी तो गणिताने काढलेला असतो, आणि त्या गणिताला कच्चा माल पुरवतात हवामान केंद्रे, जहाजे, विमाने, उपग्रह आणि ठरलेल्या वेळी आकाशात सोडले जाणारे फुगे. कुणीतरी कुठेतरी मोजले म्हणून फोनला सांगता येते. शिवाय चौकटीतला आकडा म्हणजे अंगणातला पाऊस नव्हे. गडगडाटी ढग एका वस्तीला झोडपतो आणि शेजारची कोरडी ठेवतो. आपल्याकडे किती पडला, हे आपल्या पर्जन्यमापकालाच ठाऊक.

मुख्य म्हणजे मोजताना विद्यार्थी जे शिकतो ते तयार आकड्यातून कधीच मिळत नाही. तापमापक उन्हात ठेवला तर हवेऐवजी तापलेल्या काचेचे तापमान मिळते. म्हणून तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवायचा. पर्जन्यमापक झाडाखाली किंवा भिंतीलगत चालत नाही. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे ज्याला कळले तो 100 मिलिमीटर पावसाची बातमी वाचून हिशेब करू शकतो: एका हेक्टरवर दहा लाख लिटर! हे पाणी जाणार कुठे, हा प्रश्न मग त्याला आपोआप पडतो. मला हा प्रश्न पडणे कुठल्याही गुणांपेक्षा मोलाचे वाटते.

ती झडपांची पेटी थॉमस स्टीव्हन्सन या एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. तो दीपगृहे बांधायचा. किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटेचा जोर मोजणारे उपकरणही त्याने बनवले होते, कारण लाट किती जोराने आदळते हे कळल्याशिवाय समुद्रात बांधकाम कसे उभे करणार? हवामान मोजणे आणि किनारा समजून घेणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच गरजेपोटी केली. अभ्यासक्रमात ती शेजारी बसली आहेत ते योग्यच आहे.

उपग्रहाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. उपग्रह ढग दाखवतो. ढगांच्या आकारावरून आणि माथ्याच्या तापमानावरून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधावा लागतो. बहुतेक वेळा तो चांगला येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को शहराकडे निघालेले ओटिस नावाचे वादळ मात्र उपग्रहाच्या अंदाजापेक्षा बरेच जोरदार निघाले, आणि ते उघड झाले वादळात शिरून मोजमाप घेणाऱ्या विमानामुळे. जेमतेम एका दिवसात साध्या वादळाचे पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे चक्रीवादळ होऊन ते किनाऱ्यावर आदळले.

आता तो श्रेणीचा मुद्दा. ही श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते, तर चक्रीवादळात माणसे मोठ्या संख्येने मरतात ती पाण्यात बुडून. नोव्हेंबर 1970 मध्ये बंगालच्या उपसागरातल्या भोला चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतले, त्यातले बहुतेक वादळी उधाणाचे, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढवलेल्या समुद्राच्या पाण्याचे. अमेरिकेच्या मिसिसिपी किनाऱ्यावर 1969 मध्ये पाचव्या श्रेणीचे कॅमिल आले होते. 2005 मध्ये कतरिना तिथे पोहोचले तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीचे होते. कॅमिलमध्ये जिथे पाणी आले नाही तिथे आता काय येणार, या भरवशावर काही लोक घरातच थांबले. पाणी कॅमिलपेक्षाही उंच, 8 मीटरहून वर चढले.

असे का झाले, याचे उत्तर शाळेच्याच भूगोलात आहे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचे एकक) घटला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने वाढते. कतरिनाच्या केंद्रातला दाब किनाऱ्यावर येताना सुमारे 920 होता, नेहमीपेक्षा नव्वदेक हेक्टोपास्कल कमी. म्हणजे दाबामुळे चढलेले पाणी एक मीटरही नव्हते. बाकीचे वाऱ्याने लोटत आणले. वादळ विस्ताराने प्रचंड, खुल्या समुद्रात आधी पाचव्या श्रेणीपर्यंत पोहोचलेले, आणि किनाऱ्यापुढचा समुद्रतळ उथळ. लोटलेल्या पाण्याला खालून परतायला वाव नव्हता. वादळाचा विस्तार, समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार, भरतीची वेळ यांतले काहीच श्रेणीच्या आकड्यात नसते.

वादळाच्या डोळ्याचे, म्हणजे त्याच्या मधल्या शांत भागाचेही तसेच. सप्टेंबर 1926 मध्ये मायामीवर डोळा आला, वारा पडला, आणि वादळ सरले असे समजून लोक रस्त्यावर आले. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तुटून पडला आणि उघड्यावर सापडलेल्यांपैकी कित्येक जण मेले. डोळ्याभोवतीची जोरदार वाऱ्याची भिंत दोन्ही बाजूंनी असते, एवढे एका आकृतीत समजते. ती आकृती पुस्तकातून काढून टाकायची म्हणता?

राहिली किनाऱ्यावरची भिंत. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, ही थांबलेली वाळू नाही. लाटा तिरक्या येतात, पाणी उताराने सरळ मागे जाते, आणि वाळूचा कण नागमोडी वाटेने किनाऱ्याला समांतर सरकत राहतो. ही वाट अडवली की एका बाजूला भर पडते, दुसऱ्या बाजूची उपासमार होते. मद्रासचे बंदर 1870 च्या दशकात बांधायला घेतले. पुढे दक्षिणेला वाळू साठून मरीनाची पुळण रुंदावली आणि उत्तरेला रॉयपुरमचा किनारा खचू लागला. भिंतीवरून परतणारी लाट तर तिच्या पायथ्याचीच वाळू उकरते.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या हॉलसँड्स या गावाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 1897 पासून तिथल्या किनाऱ्यालगतचे गोटे प्लिमथच्या गोदीच्या बांधकामासाठी उपसले गेले. समुद्र नवे गोटे आणून टाकील, असे गृहीत धरले होते. ते आलेच नाहीत, पुळण काही मीटर खाली गेली. गावकऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर 1902 मध्ये उपसा थांबला, पुढे संरक्षक भिंतीही बांधल्या. जानेवारी 1917 च्या वादळात लाटांनी त्या ओलांडल्या, आणि गावात राहण्याजोगे एकच घर उरले.

घोकंपट्टीची तक्रार मात्र मान्य. सागरी गुहा, कमान, स्तंभ, वाळूचा दांडा यांच्या व्याख्या पाठ करून कुणाला किनारा कळत नाही. त्यावरचा उपाय धडा काढणे हा नसून प्रश्न बदलणे हा आहे. विद्यार्थ्याला तीन दिवसांच्या वायुदाबाच्या आणि वाऱ्याच्या दिशेच्या नोंदी द्या. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो, एवढाच नियम सांगा. मग विचारा: वादळ या ठिकाणाच्या कोणत्या बाजूने गेले, आणि ते सर्वांत जवळ केव्हा होते?