पानात टाकू नये, कपात ठेवावं

'टी' हा शब्द ज्या गावात जन्मला, त्याच गावात आमचा चहा संपला.

गाव म्हणजे शियामेन. चीनच्या फूच्येन प्रांतातलं बंदर, जुन्या नकाशात अमॉय. तिथल्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. तो शब्द डचांनी मालाबरोबर जहाजात चढवला आणि युरोपात त्याचा 'टी' झाला. आपला 'चहा' बाकीच्या चीनमधल्या 'चा'च्या घराण्यातला. चिरंजीव तिथे नोकरीला, म्हणून आम्ही दोघं तीन महिने राहायला गेलो होतो. जाताना अर्धा किलो पावडर नेली. बँकेत ३६ वर्षं काढल्यामुळे हिशेब चोख होता : माणशी चार कप, कपाला ३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २४ ग्रॅम. विसाव्या दिवशी डबा खडखडणार हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. "अजून अर्धा किलो घेऊ या का?" असं ही निघताना म्हणाली होती. "चीनला चहा न्यायचा म्हणजे सांगलीला हळद नेण्यासारखं," असं मी म्हणालो होतो. हे वाक्य मला एकविसाव्या दिवशी सकाळी सहा वाजता परत ऐकवण्यात आलं.

मग मीच पिशवी घेऊन निघालो. नातू तिथल्या बालवाडीत रंग शिकून आला होता, काळा म्हणजे 'हेइ'. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी खणखणीत आवाजात 'हेइ चा' मागितला. बाईंनी कौतुकाने पाहिलं आणि कागदात गुंडाळलेली एक वीट माझ्या हातात ठेवली. अक्षरशः वीट. घरी आणून तिला सुरी लावली, तर आमच्या बँकेच्या जुन्या रेकॉर्ड रूमचा वास घरभर पसरला. ही म्हणाली, "ह्यात लेजर भिजवलीत का?"

संध्याकाळी चिरंजीवांनी उलगडा केला. हेइ चा हा वेगळाच प्रकार. तो दाबून, मुरवून वर्षानुवर्षं ठेवतात. इंग्रज ज्याला 'ब्लॅक टी' म्हणतात त्याला चीनमध्ये 'होंगचा' म्हणायचं, म्हणजे लाल चहा. इंग्रजांनी पान पाहिलं, चिनी लोकांनी कपातला रंग पाहिला, आणि आपण त्यात काय नाही ते पाहिलं : आपण त्याला कोरा चहा म्हणतो, आणि पोट बिघडल्याशिवाय घेत नाही.

माझी ही फजिती शेजारच्या काकांच्या कानावर गेली. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच निवृत्त. त्यांनी सुनेकरवी निरोप पाठवला, रात्री साडेसात वाजता चहाला या. तिथली जेवणं तोवर आटोपलेली असतात. ही म्हणाली, "मला गुडघ्याचं तेल लावायचंय, तुम्ही जा. अर्ध्या तासात या." मी गेलो.

काकांच्या बैठकीत सोफ्यासमोर चहाचा संसार मांडलेला होता. खाचा पाडलेला बांबूचा भलामोठा तबक, त्याला खालून नळी, नळीचं तोंड बादलीत. त्यावर झाकणाची एक वाटी, म्हणजे गायवान, एक छोटा चंबू, आणि आपल्याकडे खोकल्याचं औषध ज्यातून देतात त्या मापाचे कप. शिवाय तोंडात नाणं धरलेला मातीचा एक तीन पायांचा बेडूक. काकांनी उकळतं पाणी सगळ्या भांड्यांतून फिरवलं आणि ते बेडकाच्या डोक्यावर सोडलं. मी नकळत हात जोडले. अभिषेक म्हटला की आपले हात जुळतातच.

मग डबा उघडला. चिन् च्युन् मेइ. आम्हा दोघांमध्ये एक फोन होता, जो माझं मराठी त्यांना आणि त्यांचं चिनी मला सांगत होता. कळलं ते असं : वूयी डोंगरातल्या थोंगमू गावात २००५ साली हा चहा पहिल्यांदा तयार केला. फक्त कोंब खुडायचे, पान नाही. अर्ध्या किलोला पन्नास हजारांहून जास्त कोंब लागतात. भाव हजारो युआन, आणि बाजारात नकलीच फार. काकांनी काट्यावर ५ ग्रॅम तोलले. मी मनात भागाकार केला, पाचशेहून जास्त कोंब. माझ्या एकट्यासाठी कुणीतरी पाचशे वेळा वाकलं होतं. बारीक काळे धागे, मधूनमधून सोनेरी लव. आपली पावडर यापुढे मोहरीसारखी दिसते. तो दोष तिचा नाही. पान चिरडून, फाडून, गोळी वळणारं यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं. त्या गोळ्या उकळीला लगेच रंग सोडतात आणि दुधाला पुरून उरतात. अख्ख्या कोंबाला असली घाई नसते.

आणि काकांनी तो उकळला नाही! मी आधणाची वाट बघत होतो. त्यांनी पाणी थोडं निववलं, ९० अंशांच्या आसपास, कडेकडेने वाटीत सोडलं, आणि मी "किती वेळ?" विचारेपर्यंत ओतूनसुद्धा टाकलं. दहा सेकंद. आमच्याकडे दहा सेकंदांत गाळणी सापडत नाही. ओतला तोही थेट कपात नाही, आधी चंबूत. त्या चंबूचं नाव फोनने 'न्यायाचं भांडं' सांगितलं. पहिल्याला फिका आणि शेवटच्याला कडक असं होऊ नये म्हणून सगळा आधी तिथे एकत्र करायचा. आमच्या घरी पातेल्याच्या तळचा चहा ४० वर्षं मला मिळतो आहे. न्याय म्हणून नव्हे.

पहिला घोट घेतला आणि काही कळलंच नाही. दुसऱ्याला मध आठवला. तिसऱ्याला ओळखीचं काहीतरी जिभेवर येऊन थांबलं, नाव सांगेना. रताळं! उकडलेलं, सालीसकट, कडेला थोडं करपलेलं. साखर नाही, दूध नाही, आणि तरी घशात उतरल्यावर मागाहून गोड. एकादशीचा अख्खा फराळ खोकल्याच्या कपात. मी फोनला 'रताळं' म्हणालो. काकांनी मांडीवर थाप मारली. बरोबर आलं होतं.

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. घोळ पुढे झाला, आणि तो संस्कारांमुळे झाला.

माझ्या आईने मला शिकवलं, पानात टाकायचं नाही. समोर आलेलं संपवायचं. काकांच्या आईने त्यांना शिकवलं असणार, पाहुण्याचा कप रिकामा दिसला की भरायचा. मी संपवला, त्यांनी भरला. त्यांनी भरला, मी संपवला. तेच कोंब, पाण्याची नवी धार, प्रत्येक खेपेला काही सेकंद जास्त. पाचव्या पाण्याला रताळं मागे हटलं आणि फुलासारखं काहीतरी पुढे आलं. आठव्याला नुसतं गोड पाणी. मी म्हटलं, सुटलो. "आता पुरे," असं फोनला सांगितलं. फोनने काय सांगितलं देव जाणे, काका आनंदाने उठले आणि दुसरा डबा घेऊन आले.

हा लापसांग. त्याच वूयी डोंगरातला, पण पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. झाकण उघडून त्यांनी माझ्या नाकाखाली धरलं आणि मी थेट आजोळी. चूल, फुंकणी, ओलं सरपण, आणि धुराचा वास लागलेला पितळीतला चहा. आजी त्याबद्दल सरपणाला शिव्या द्यायची. इथे त्याच वासाचे पैसे घेतात. हा चहा मी कर्तव्य म्हणून प्यालो नाही, मागून प्यालो. सव्विसाव्या कपानंतर मोजणं सोडलं. वाटी स्वतः उचलून पाहण्याची हौसही केली : अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणावर. तिन्ही भाजली. काकांनी हसून ती बेडकाच्या गार पाठीवर टेकवायला सांगितलं.

मधेच त्यांचा मुलगा येऊन बसला. कप भरला की तो टेबलावर दोन बोटं वाजवायचा. मला वाटलं ठेका धरतोय, मीही केरव्यात साथ दिली. नंतर कळलं, ते आभार. च्येनलोंग बादशहा वेषांतर करून फिरत असताना त्याने नोकराच्या कपात चहा ओतला. गुडघे टेकून मुजरा केला तर बिंग फुटणार, म्हणून नोकराने बोटंच गुडघ्यासारखी वाकवून टेकवली, अशी दंतकथा. म्हणजे मी तासभर बादशहाला साष्टांग नमस्कार घालत होतो. तोही द्रुत लयीत.

साडेदहाला सुटलो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, नको असेल तर कप भरलेला ठेवायचा! आणि कोंबांत कॅफिन जास्त असतं, माहीत आहे ना?" ते मला पहाटे चार वाजता पुरेपूर माहीत झालं. तोवर मी घराचे पंखे मोजले होते, व्याजाची जुनी कोष्टकं म्हणून झाली होती, आणि ही कुशीवर वळून "अर्धा तास म्हणाला होतात" एवढंच पुटपुटली होती.

परतफेड करायला हवीच होती. चिरंजीवांनी कुठूनतरी आसामची पावडर मिळवली. रविवारी रात्री काका आमच्याकडे आले. हिने आलं ठेचलं, दूध घातलं, तीन उकळ्या काढल्या. मी पातेल्याकडे बोट दाखवून वेळ सांगितली, दहा मिनिटं. दहा सेकंदवाल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग हिने मोठा मग काठोकाठ भरून त्यांच्यापुढे ठेवला. सूनबाई डोळ्यांनी खुणावत होती, पण उशीर झाला होता. तिथे चहा कपाच्या दहापैकी सात हिश्शांपर्यंतच भरतात. काठोकाठ भरला तर पाहुण्याचा अपमान, जवळजवळ 'उठा आता'. आमच्याकडे मग थोडा जरी रिता राहिला तरी आठवडाभर चर्चा होते.

काकांनी मगाकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि ती बोलली ते फोनने त्यांना कसंबसं सांगितलं : "लाजू नका, घरचंच आहे." ते प्याले. शेवटचा थेंब संपेपर्यंत, बहुधा मला बघून शिकले होते. ही लगेच पातेलं घेऊन आली. "अर्धा घ्या अजून." महाराष्ट्रात ह्या 'अर्धा'चा अर्थ अख्खा होतो, हे त्यांना सांगायला फोनकडे शब्द नव्हते. ते तिसऱ्या मगापर्यंत लढले.

त्या रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो. शेजारच्या बाल्कनीत दिवा होता. काका आरामखुर्चीत ताठ बसून समुद्राकडे बघत होते. मला पाहिलं, क्षणभर थांबले, आणि कठड्यावर दोन बोटं वाजवली.