नवीकोरी जुनी गिटार

गेल्या रविवारी जेवता जेवता भाच्याने बॉम्ब टाकला. "मामा, लेस पॉल घेतोय. फिफ्टी-नाइनची रीइश्यू. साडेसात लाख." ताईच्या हातातला आमटीचा डाव तसाच वर राहिला. तिला आधी वाटलं गाडी घेतोय. गिटार आहे हे कळल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे खूळ मीच घरात आणलं. ते खरंच आहे म्हणा. सहावीत असताना याला पहिली गिटार मीच घेऊन दिली होती.

लेस पॉल म्हणजे गिब्सन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, आणि रीइश्यू म्हणजे कंपनीनेच जुन्या मॉडेलची, इथे १९५९ च्या, काढलेली नवी नक्कल. त्याचा प्रश्न साधा होता. एवढे पैसे घालून नवी-जुनी घ्यायची, की अजून थोडे दिवस थांबून खरी जुनी बघायची? तेव्हा तोंडात घास होता, म्हणून बोललो नाही. आता सविस्तर लिहितो, कारण त्याच्यासारखे प्रश्न विचारणारे मला महिन्याला दोन-तीन भेटतात.

"थांबून खरी घेतो" हा पर्याय लेस पॉलच्या बाबतीत विसराच. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत गिब्सनने सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल स्टँडर्ड बनवल्या त्या सगळ्या मिळून दीड हजाराच्या आसपास. त्या वेळी खपल्या नाहीत, म्हणून कंपनीने १९६१ मध्ये आकारच बदलून टाकला. पुढे वादक जुन्याच शोधत फिरायला लागले, तेव्हा १९६८ मध्ये जुना आकार परत आणला. म्हणजे पहिली रीइश्यू ही अशी नामुष्कीतून आलेली. आज त्यातली खरी ५९ ची घ्यायची तर दोन कोटींच्या पुढे मोजायचे. भाच्या, तेवढ्यात ठाण्यात टूबीएचके येतो.

स्ट्रॅटोकास्टरचं, म्हणजे फेंडर कंपनीच्या 'स्ट्रॅट'चं, गणित थोडं माणसात आहे. लिओ फेंडरने १९६५ च्या जानेवारीत कंपनी सीबीएस या बड्या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. त्याच्या आधीच्या त्या 'प्री-सीबीएस', म्हणजे देव. नंतरच्या त्या कमअस्सल. निदान बाजाराचा हिशेब असा आहे. पण जिमी हेंड्रिक्सने १९६९ साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅट १९६८ ची, म्हणजे सीबीएसच्या काळातली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने आपली काळी स्ट्रॅट १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून नवीकोरी घेतली, तीही त्याच काळातली. शिवाय या माणसाने तिचे नेक, म्हणजे माना बदलल्या, तारेचा आवाज पकडणारे पिकअप बदलले, भोकं पाडली, बुजवली. जुन्या गिटारीचा व्यापारी असली गिटार बघून नाक मुरडेल. २०१९ मध्ये ती लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. आणि एरिक क्लॅप्टन १९६६ मध्ये ज्या लेस पॉलने इंग्लंडभर आग लावत होता ती तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. त्याच्या लेखी ती सेकंडहँड गिटार होती. व्हिंटेज नावाची भानगड त्या पोरांच्या डोक्यातही नव्हती.

आता माझी गोष्ट. माझी मुख्य गिटार जपानी आहे, १९८६ ची स्ट्रॅट, ६२ च्या मॉडेलची रीइश्यू. फेंडरने १९८२ मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये एकदमच जुन्या मॉडेलांच्या नकला काढायला सुरुवात केली, त्यातली. मर्चंट नेव्हीतल्या मित्राने योकोहामाहून आणली आणि १९९० मध्ये मला दिली, अकरा हजाराला. माझा सहा महिन्यांचा पगार. त्याआधी मी गिव्सनवर वाजवायचो. स्पेलिंग मुद्दाम तसं असलेली कलकत्त्याची गिव्सन, बिचारीचा काही दोष नव्हता, पण बाराव्या फ्रेटनंतर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पट्टीनंतर, ती स्वतःचंच गाणं म्हणायची. धोबी तलावला जेर महालखाली फुर्ताडोसच्या काचेला नाक लावून उभं राहणारी आमची पिढी. आत जायची हिंमत नसायची.

त्या जपानी स्ट्रॅटवर मी गणपतीचे मांडव केले, हळदी केल्या, शिवाजी मंदिरला ऑर्केस्ट्रा केले. एकदा लालबागला पावसाचं पाणी मांडवाच्या कनातीतून थेट गिटारच्या ब्रिजवर टपकत होतं आणि निवेदक म्हणत होता, "रसिकहो, जागेवरून उठू नका." ती घेतली तेव्हा खरी ६२ ची स्ट्रॅट होती अठ्ठावीस वर्षांची. माझी नक्कल आता चाळिशीला टेकली आहे. कोणाला म्हातारं म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पण मीसुद्धा एकदा घसरलो. २००८ मध्ये. पश्चिम उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये एक गृहस्थ ६६ ची स्ट्रॅट विकत होते. केसचा तो जुना, ओलसर, कपाटातल्या गोधडीसारखा वास. काढली, वाजवली, पाघळलो. १ लाख ८० हजार. बायकोला १ लाख सांगितले, ते आज जाहीर करतो. घरी येऊन पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले. आतल्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या डबीच्या, पाठीवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. माझ्यात लिहिलं होतं १३७७६३२. म्हणजे १९७६, बत्तिसावा आठवडा. नेकच्या बुडाचा शिक्का ६६ चा होता, तेवढंच खरं. बॉडीवर कोणीतरी जाड पॉलिएस्टर मारलं होतं, गाडीच्या गॅरेजमध्ये मारतात तसं. थोडक्यात, भेळ होती. फोन केला तर गृहस्थ म्हणाले, "वाजते ना?" वाजत होती, त्यामुळे पुढे बोलायची सोय राहिली नाही.

तेव्हा जुनी घेणाऱ्याला पहिलं सांगणं, तू गिटार नाही, कागद घेतोयस. रंग मूळचा आहे का, सोल्डरचा डाग मूळचा आहे का, फ्रेट बदललेत का. पुन्हा रंगवलेली असेल तर किंमत सरळ निम्मी. आवाज तोच, हात तोच, पण निम्मी. ज्या गोष्टीचा कानाशी संबंध नाही तिचे एवढे पैसे लागतात, तर तो धंदा जमिनीच्या सातबाऱ्यासारखा आहे आणि तसाच करावा, वकील घेऊन.

वांद्र्याच्या एका गावठाणात एक अंकल आहेत, ऐंशीच्या घरातले. साठ-सत्तरच्या दशकात हॉटेलांच्या बँडमध्ये आणि फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. त्यांच्याकडे ६४ ची स्ट्रॅट आहे, खरीखुरी. त्यांनी हातात दिली तेव्हा, खोटं कशाला बोलू, काहीतरी झालं. फ्रेटबोर्डच्या कडा अंगठ्याखाली साबणाच्या वडीसारख्या गोल लागत होत्या. नेकच्या मागचा रंग उडून लाकूड तुळतुळीत झालेलं. ती गिटार धरावी लागतच नव्हती, तीच हातात येऊन बसत होती. मी विचारलं, फ्रेट ओरिजिनल? ते हसले. "दोन वेळा बदलले, मॅन. घिसले की बदलायचे. तू चप्पल नाय बदलत?"

बाजाराच्या भाषेत त्यांनी स्वतःच्या गिटारचं लाखोंचं नुकसान केलं. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याला कोणी असं म्हणेल का? घोडीची जवारी झिजून बसली की कारागीर ती पुन्हा काढतो, न काढली तर तंबोरा बोलतच नाही. शंभर वर्षांच्या तंबोऱ्याची जवारी कितव्यांदा काढली हे विचारून त्याची किंमत पाडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता रीइश्यू. कंपन्या काय विकतात ते नीट बघा. एक, बांधणी. जुन्यासारखं नायट्रोचं पातळ लॅकर, नेक चिकटवायला पुन्हा सरस, हो, आपल्या सुताराचा सरसच, नीट निवडलेलं हलकं लाकूड, नेकचा जुना जाड आकार. याचे पैसे द्यावेत. या गोष्टी हाताला लागतात. दोन, पिकअप. इथे मात्र मी हसतो. गिब्सनचे ५७ पासूनचे ते प्रसिद्ध 'हंबकर' पिकअप, ज्यांच्या खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली असायची, ते एकासारखे एक नव्हतेच. तारेचे वेढे कमीजास्त, मॅग्नेट हाताला लागेल तो. एक गोड, दुसरा कर्कश, तिसरा मचूळ. मग 'हुबेहूब ५९' म्हणजे नक्की कोणती ५९? जी चांगली वाजली ती लोकांनी जपली, रेकॉर्डवर आली. जी ठोकळा होती ती कुठल्यातरी पलंगाखाली गेली. आपण चांगल्या चाळीस ऐकतो आणि सगळ्याच तशा होत्या असं समजतो.

आणि तिसरं, म्हातारपण. फेंडरने १९९५ मध्ये 'रेलिक' काढली, कारखान्यातून रंग खरवडून, धातूचे भाग गंजवून. गिब्सनने २०२१ पासून त्यासाठी वेगळी मर्फी लॅबच थाटली. जितकी जास्त झिजलेली तितकी महाग. ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये नवी खुर्ची साखळीने बडवून, वर काळपट पॉलिश मारून 'पोर्तुगीज टाइमची आहे साहेब' म्हणून देतात. तिथे निदान घासाघीस तरी करता येते. दीड-दोन लाख जास्त देऊन दुसऱ्याने पाडलेले ओरखडे घ्यायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

मुंबईत तर मुळीच नाही. इथे गिटार म्हातारी करायला लॅब लागत नाही, जुलै पुरतो. तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात, पॉट खरखरायला लागतात, नेक जूनमध्ये एक बोलतो आणि डिसेंबरमध्ये दुसरं. अंधेरीच्या एसी रिहर्सल रूममधून थेट दुपारच्या उन्हात केस उघडा, नायट्रोला स्वतःहून तडे जातील, फुकट. आणि हो, नायट्रोची गिटार स्वस्त रबरी स्टँडवर ठेवू नका, रबर रंग खातं. माझ्या एका मित्राच्या गिटारच्या मानेवर स्टँडचे दोन कायमचे वळ उठले आहेत. तो त्याला रेलिक म्हणतो.

लाकडाची गंमतही सांगतो. बऱ्याच जुन्या गिटारींचा फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे, त्यामुळे खरी जुनी गिटार परदेशातून मागवायची तर ड्युटी वेगळी आणि परवान्यांची रांग वेगळी. आणि नव्या रीइश्यूवर बहुतेक काय असतं? इंडियन रोझवूड. म्हणजे आपली शिसव. आजीच्या कपाटाची. इथून तिकडे जायची आणि 'हिस्टॉरिक' होऊन साडेसात लाखांत परत यायची.

कानाचं काय, असं भाचा विचारणारच. २०१० मध्ये इंडियानापोलिसला एकवीस व्हायोलिनवादकांना अंधूक खोलीत, वेल्डिंगचे गॉगल घालून, स्ट्रॅडिव्हेरियससकट जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. घरी कोणतं न्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं उचललं. सगळ्यात नावडतं ठरलं त्यात एक स्ट्रॅडिव्हेरियस होतं. तिथे तर अ‍ॅम्पही नव्हता. आपल्याकडे गिटार, पेडल, अ‍ॅम्प, मग मांडवातला साउंडवाला, ज्याला फक्त गायकाचा आवाज कळतो. त्यातून कोणाला ५९ ऐकू येणार आहे?

तर माझं मत. रीइश्यू घे. पण दुकानातली नवी नको, कोणीतरी हौसेने घेऊन ईएमआयला कंटाळलेला असतो, त्याची घे. तीस-पस्तीस टक्के तिथेच वाचतात. झिजवलेली घेऊ नकोस. फोटोवरून घेऊ नकोस, एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत जमीन-अस्मान असतं. वाचलेल्या पैशातून चांगला सेटअप करून घे, फ्रेटबोर्डच्या कडा गोल करून घे. दोन-तीन हजारांत अंकलच्या गिटारचं अर्धं सुख मिळतं. उरलेलं अर्धं साठ वर्षं वाजवून मिळतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

अंकल ती विकणार नाहीत, विचारून झालंय. भाच्याला येत्या शनिवारी मुलुंडला एक २०१४ ची लेस पॉल रीइश्यू बघायला नेतोय, चार लाख नव्वद सांगितलेत. मी स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन जाणार आहे. ताई पण येते म्हणतेय, भाव करायला.