पावतीवर घर, नकाशावर शेत

घरपट्टीच्या बिलावर आमच्या घराचा वापर "निवासी" असा छापलाय. वीजबिलावर "घरगुती". मतदार यादीत हा पत्ता, आधारवर हा पत्ता, गॅसच्या पुस्तकावर हाच पत्ता. आणि जिथे ही घरपट्टी भरतो, त्याच महापालिकेच्या इमारतीत एक जिना चढून नगररचना विभागात गेलं, की टेबलापलीकडचे साहेब विकास आराखड्याचा नकाशा उलगडतात, हिरव्या पट्ट्यावर पेन टेकवतात आणि म्हणतात, "इथे घर नाहीये. इथे शेती आहे."

शेती! अहो, चला माझ्याबरोबर, रिक्षाचे पैसे मी देतो. त्या शेतात सध्या पिठाच्या गिरण्या, क्लासेस, दत्ताचं मंदिर, दोन ब्युटी पार्लर आणि पार्किंगवरून रोज एकमेकांची आई-बहीण काढणारी काहीशे कुटुंबं पिकली आहेत. शेवटची ज्वारी कधी काढली ते सांगायला आळीतला एक म्हातारा होता, तोही आता राहिला नाही. पण नकाशा हिरवा आहे ना, मग झालं. ग्रीन झोन!

घराच्या वर्गवारीचा हा जो काही कारभार आहे, त्यात घर कुणी बघतच नाही. भिंती पक्क्या आहेत का, पाणी येतं का, मैला कुठे जातो, आग लागली तर बंब आत शिरेल का, असले प्रश्न फार पुढचे. आधी खालच्या जमिनीचा रंग कोणता, तुकडा किती गुंठ्यांचा आणि कागदावर तारीख कुठली, एवढं विचारायचं. पिवळा, म्हणजे रहिवासी, "आर झोन" असेल तर तुम्ही नागरिक. हिरवा असेल तर तुम्ही अतिक्रमण. मधे काही नाही.

आमचा प्लॉट एक गुंठ्याचा. म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहेतीस बाय तेहेतीस. वडील एसटीत वाहक होते, आणि त्या पगारात शहराच्या कडेला हेच मिळत होतं. मूळ शेतकऱ्याने एकराचे तुकडे पाडले, एजंटाने चुन्याच्या रेघा मारल्या, मधे बारा फुटांचा रस्ता सोडला आणि साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नोटरी असल्या कागदांवर सगळं विकलं. स्वतंत्र सातबारा नाहीच. कसा होणार? १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा. शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की कसणं परवडणार नाही, हा त्याचा हेतू, आणि तो वाईट नव्हता. पण जिरायतीला चाळीस गुंठे आणि बागायतीला वीस, हे हिशेब शहराच्या वेशीवर कुणाला लागू करताय? एसटीच्या वाहकाने राहायला एकरभर जमीन घ्यायची? २०२३ मध्ये ती मर्यादा वीस आणि दहा गुंठ्यांवर आणली. उपकार झाले. तेहेतीस फुटांच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

बरं, तेव्हा आमचं गाव ग्रामपंचायतीत होतं. पंचायतीच्या नमुना नंबर आठला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या वहीत, आमच्या घराची नोंद झाली: पक्कं घर, आरसीसी. पंचायतीने घरपट्टी लावली, पाणीपट्टी लावली, दिवाबत्ती कर लावला. मग हद्दवाढ झाली, गाव महापालिकेत गेलं, आणि एक वीट न हलता आमचं पक्कं घर "अनधिकृत बांधकाम" झालं. गंमत म्हणजे हद्दीच्या पलीकडे, अजून पंचायतीत असलेल्या गावांसाठी २०२१ मध्ये सरकारनेच जाहीर केलं होतं की तिथे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराची परवानगी लागणार नाही. म्हणजे ओढ्याच्या त्या तीरावर आपलं आपण बांधा, आणि या तीरावर बांधलंत तर गुन्हेगार. ओढा बुजवून त्यावर मंगल कार्यालय झालंय, ते वेगळंच. ते कोणत्या झोनमध्ये बसतं, हे विचारायची माझी हिंमत नाही.

आता खरं डोकं कुठे फिरतं सांगतो. आमच्यापासून दोन किलोमीटरवर, त्याच हिरव्या पट्ट्यात, एक प्रशस्त बंगला आहे. पोहण्याचा तलाव, लॉन, शनिवारी रात्री डीजे. तो कायदेशीर आहे! कारण ते "शेतघर" आहे. जमीन महसूल कायद्याचं ४१ वं कलम शेतात इमारत बांधू देतं: जमीन ०.४ हेक्टरच्या, म्हणजे साधारण एकराच्या वर असली की १५० चौरस मीटर जोत्यापर्यंत, जमीन अजून मोठी असली की त्याहून जास्त. अवजारं ठेवायला, गुरं बांधायला, चारा साठवायला, शेतकऱ्याने कुटुंबासह राहायला ही सोय. योग्यच आहे. शेतकऱ्याने रानात राहू नये असं कोण म्हणतंय? पण या बंगल्यातलं अवजार म्हणजे बार्बेक्यूची शेगडी, आणि गुरं म्हणाल तर शनिवारी येतात, गाड्या घेऊन. मालक शेतकरी कसे झाले ते विचारू नका. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, असं कुळकायद्याचं ६३ वं कलम आहे, तेव्हा कुठूनतरी कुणाच्यातरी सातबाऱ्याला नाव लागलं असणार. एकर घ्यायची ऐपत असेल तर त्याच मातीवर, त्याच रंगावर तुमचं घर "शेतीला पूरक". आणि रोज सकाळी सहाच्या बसने कामाला जाणाऱ्याचं घर शेतीला मारक!

हे फक्त आमच्या वेशीवरचं नाही. मुंबईत बघा. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तिच्या बदल्यात पुनर्विकासात ५०० फुटांचं घर. तेवढ्याच खोलीत तेवढीच माणसं, पण ती खोली झोपडपट्टी म्हणून घोषित झालेल्या जागेत असेल तर ३०० फूट. चाळकऱ्यांना मिळालं याचा मला आनंद आहे, त्यांनी त्यासाठी आयुष्यं घालवली. माझा राग त्यांच्यावर नाही. माझा राग त्या विकास नियंत्रण नियमावलीवर आहे, जिथे ३३ क्रमांकाच्या नियमाचा कोणता कंसातला पोटनियम तुमच्या नशिबाला आला त्यावर तुमच्या मुलीला वेगळी खोली मिळणार की नाही हे ठरतं. झोपडीच्या बाबतीत वर पुन्हा तारीख. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. २००० ची तारीख होती तेव्हा १९९९ च्या डिसेंबरात आलेला "पात्र", २००० च्या फेब्रुवारीत आलेला "अपात्र". पत्रा तोच, गटारही तेच.

आमच्या नशिबाला आलेली तारीख वेगळी. २००१ साली गुंठेवारीचा, म्हणजे आमच्यासारख्या गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांचा, कायदा आला. नाव वाचा: महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम. श्रेणीवाढ! काय शब्द आहे. १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमित करा, असं ठरलं. आमच्या आळीतले निम्मे त्याआधीचे, निम्मे नंतरचे, म्हणून एकाच रस्त्यावर डावीकडचे हसायला लागले आणि उजवीकडचे रडायला. हसणाऱ्यांचंही काम झालं नाही, ती गोष्ट निराळी. पुढे २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली. म्हणजे मधली वीस वर्षं जे "अजिबात चालणार नाही, पाडू" होतं, ते एका दुरुस्तीने चालायला लागलं. मग नोटिसा कशाला पाठवत होतात? लोकांची झोप उडवायला?

आम्ही फाइल केली. पुढची गंमत फाइल केलेल्यांनाच कळेल. मोजणीचा नकाशा आणा. आणला. पूर्ण लेआऊटचा नकाशा आणा. अहो, लेआऊट पाडणारा एजंट कधीच देवाघरी गेला, लेआऊट कुठून आणू? मग रस्ता किती फुटांचा? बारा. कमी पडतो. वाढवायचा असेल तर समोरच्याचा व्हरांडा तोडावा लागेल, ते कोण करणार, मी? आणि मग सामासिक अंतरं, म्हणजे घराच्या भिंतीपासून प्लॉटच्या हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा. हे नियम बंगल्याला वेगळे, जुळ्या घरांना वेगळे, रो-हाऊसला वेगळे. आमचं घर कशात बसतं? डावीकडची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली, उजवीकडे तीन फुटांचा बोळ. साहेब म्हणाले, "हे रो-हाऊस नाही, कारण रो-हाऊस म्हणून मंजूर नाही. स्वतंत्र बंगला धरला तर अंतरं सुटत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, मग कसलं धरू?" तर म्हणाले, "ते आर्किटेक्ट सांगेल." आर्किटेक्टने पैसे घेतले आणि सांगितलं की ते साहेबच ठरवतील.

घरी येऊन मी कागदावर मांडून बघितलं. समजा दोन्ही बाजूंना आणि मागे पाच-पाच फूट सोडले आणि पुढे दहा. तेहेतीस बाय तेहेतीसमधून उरतं तेवीस बाय अठरा, ४१४ फूट. त्यातच जिना. पैसे मोजले १०८९ फुटांचे, घर बांधायचं ४१४ वर, आणि उरलेल्या जागेत हवा खेळवायची. हवा खेळावी, उजेड यावा, मला मान्य आहे. पण हा नियम ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर पाच हजार फुटांचा प्लॉट होता. या शहरात तसला प्लॉट किती जणांकडे आहे, ते त्याने कधी मोजलं नाही.

आणि अनधिकृत असलो तरी कर मात्र चुकत नाही हं. उलट जास्त. महापालिका कायद्यात २६७-अ नावाचं कलम आहे, बेकायदा बांधकामावर मालमत्ताकराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावणारं. त्यातच पुढे लिहून ठेवलंय की ही शास्ती घेतली म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढू नये. वा! दंड घेणार, दरवर्षी घेणार, आणि गुन्हाही कायम ठेवणार. पिंपरी-चिंचवडकरांनी या शास्तीकराविरुद्ध वर्षानुवर्षं मोर्चे काढले, प्रत्येक निवडणुकीत त्याची आश्वासनं ऐकली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये तो माफ झाल्याचा शासन निर्णय निघाला. शास्ती माफ. घरं? अनधिकृतच.

मधे, जुलै २०२५ मध्ये, महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत जाहीर केलं की १ जानेवारी २०२५ पर्यंत झालेल्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांवरची तुकडेबंदी नागरी भागात उठवणार. आळीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. आमचे मेहुणे तर म्हणाले, "दाजी, सुटलात!" मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुकडा कायदेशीर होईल हो. झोन कुठे बदलतोय?" महसूलची तुकड्याची भानगड वेगळी, नगररचनेची रंगाची भानगड वेगळी. दोन्हीकडे सरकार एकच, आणि खेटे घालणारा माणूस एकच, पण या दोघांची गाठ कधी पडत नाही. म्हणे झोनबदलाला आराखड्याच्या फेरबदलाची कार्यवाही लागते, ती एका प्लॉटसाठी कोण करतो? शंभर एकरांच्या टाऊनशिपसाठी मात्र करतात, ते बघितलंय मी.

मुलाचं लग्न ठरलंय, वर एक खोली काढायची आहे. बँक म्हणते एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. यातलं काहीच नाही, म्हणून गृहकर्ज नाही, म्हणून दुप्पट व्याजाचं वैयक्तिक कर्ज. आणि खोली काढली की वॉर्डातला निरीक्षक मोबाईलवर फोटो काढायला हजर. इतकी वर्षं एकही घर न दिसलेल्या खात्याला नवी वीट मात्र पहिल्याच दिवशी दिसते!

काल घरपट्टी भरायला गेलो तर वॉर्ड ऑफिसच्या समोरच्याच खांबावर फ्लेक्स. "एक गुंठा फक्त सुलभ हप्त्यात. लवकरच आर झोन. सातबारा नावावर." खाली मोबाईल नंबर, वर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. निरीक्षक त्याच्याच सावलीत गाडी लावून चहा पीत होता. मी त्याला बोट करून दाखवलं, "हे बेकायदेशीर नाही का?" वर न बघताच म्हणाला, "फ्लेक्सचं खातं वेगळं आहे."